शेवाळ खाणारा मासा आणण्याआधी : गोड्या पाण्याच्या कम्युनिटी टँकसाठी पायरीपायरीनं

पुण्यातल्या आमच्या घरात पहिला टँक आला, दोन बाय एक बाय एक फुटाचा. तिसऱ्या आठवड्यात काचेवर तपकिरी थर दिसला म्हणून मी दुकानात गेले. तिथं मला दोन इंची काळा सकर, म्हणजे तोंडानं काचेला चिकटणारा मासा, मिळाला आणि सोबत एक वाक्य मिळालं : "हा सगळं साफ करतो, याला वेगळं खायला घालावं लागत नाही." त्या वाक्यावर विसंबून मी दोन वर्षं चुका केल्या. सकर वितीपेक्षा लांब झाला आणि वळताना रोपं उपटू लागला. मग त्याच्या मदतीला म्हणून एक सोनेरी 'अल्गी ईटर' (शेवाळ खाणारा) आणला. तो रात्री टँकमधल्या एंजल माशाच्या अंगाला चिकटायचा. एंजलच्या एका कुशीवरचे खवले गेले, तिथं बुरशी धरली आणि आठवड्यात तो मेला. त्या दोन्ही माशांची काही चूक नव्हती. त्यांना न मानवणाऱ्या जागी मीच त्यांना आणलं होतं.

तुमच्या कम्युनिटी टँकमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या जातींचे मासे एकत्र राहतात अशा टँकमध्ये, हे होऊ नये म्हणून मी आज ज्या क्रमानं जाते तो क्रम देते आहे. यात मासा सगळ्यात शेवटी येतो, आणि ते मुद्दाम आहे.

हाताशी काय हवं

– अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट (माशांच्या घाणीतून पाण्यात तयार होणारी द्रव्यं; पहिली दोन विषारी) तपासायचं थेंबांचं टेस्ट किट. पट्ट्यांपेक्षा थेंबांचं किट भरवशाचं.
– थर्मामीटर आणि अँटी-क्लोरीन (नळाच्या पाण्यातला क्लोरीन घालवणारं औषध).
– साबण कधीच न लागलेली, फक्त टँकसाठी ठेवलेली बादली आणि सायफनची नळी.
– काच खरवडायला जुनं एटीएम कार्ड. टँक ॲक्रिलिकचा असेल तर कार्ड नको, ओरखडे पडतात. मऊ स्पंज घ्या.
– २०-२५ लिटरचा प्लास्टिकचा टब, स्पंज फिल्टर आणि एअर पंप. नवा मासा आधी यात राहणार आहे.
– टँकला झाकण. शेवाळ खाणारे बरेच मासे उडी मारतात.

१. शेवाळ कोणतं आहे ते ओळखा

'शेवाळ' म्हणून आपण पाच-सहा वेगवेगळ्या गोष्टींना एकच नाव देतो. प्रत्येक मासा प्रत्येक शेवाळ खात नाही, आणि काही प्रकार कुठलाच मासा खात नाही.

तपकिरी, बोटानं सहज पुसली जाणारी पूड म्हणजे डायटम. नव्या टँकमध्ये पहिले एक-दोन महिने ती येतेच आणि बहुतेक वेळा आपोआप ओसरते. माझ्या काचेवर हीच होती. कार्डानं पुसून दोन महिने थांबले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं.

काचेवर घट्ट बसलेले हिरवे ठिपके माशांच्या तोंडाला निघत नाहीत. तिथं नेराइट गोगलगाय किंवा कार्ड. हिरवे मऊ धागे काही मासे आणि कोळंब्या आवडीनं खातात, पण गुंता मोठा असेल तर आधी टूथब्रशवर गुंडाळून हातानं काढा. पानांच्या कडांवर आणि फिल्टरच्या तोंडाशी काळ्या-राखाडी दाढीसारखे झुबके आले असतील तर ते काळं दाढी शेवाळ. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं ते लाल शेवाळांच्या गटातलं आहे, आणि ते खाणारे मासे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

वाळूवर आणि पानांवर निळसर-हिरवी, बुळबुळीत, सालीसारखी निघणारी आणि वास मारणारी चादर असेल तर ते शेवाळ नाहीच. ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे एक प्रकारचे जीवाणू आहेत. त्याला कुठलाही मासा तोंड लावत नाही. सायफननं ओढून घ्या, पाणी बदला, टँक तीन दिवस कापडानं पूर्ण झाकून ठेवा. आणि पाणीच हिरवं झालं असेल तर तेही माशाचं काम नाही. शेवाळ पाण्यात तरंगत असतं, त्याला यूव्ही दिवा किंवा अंधार लागतो.

२. शेवाळ का आलं ते शोधा

प्रकाश आणि खत, दोन्ही जास्त झालं की शेवाळ येतं. टँकमधलं खत म्हणजे उरलेलं खाणं आणि माशांची विष्ठा. दिवा दिवसाला सहा ते आठ तासच, तोही टायमरवर ठेवा. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर टँक हलवा किंवा मागच्या काचेला काळा कागद लावा. खाणं दोन मिनिटांत संपेल इतकंच घाला. आठवड्याला पंचवीस ते तीस टक्के पाणी बदला.

हे महिनाभर नेमानं केलं की बऱ्याच टँकमध्ये शेवाळ खाणाऱ्या माशाची गरजच उरत नाही. शिवाय हा मासाही खातो आणि घाण करतो. मोठा सकर तर इतकी विष्ठा टाकतो की पाण्यातलं नायट्रेट वाढून शेवाळाला नवं खतच मिळतं.

३. टँकचं वय आणि माप बघा

नव्या टँकमध्ये अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर यायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधी शेवाळ खाणारा मासा आणू नका. ओटोसिंक्लससारख्या नाजूक माशासाठी मी तीन महिने थांबते, कारण काचेवर, लाकडावर, पानांवर डोळ्यांना न दिसणारा जो बारीक थर धरतो तेच त्याचं खरं जेवण. नवा, लखलखीत टँक त्याच्यासाठी रिकामं ताट आहे.

माप आपल्याकडे फुटांत सांगतात. लांबी, रुंदी, उंची फुटांत गुणा आणि २८ नं गुणा, की लिटर मिळतात. दोन बाय एक बाय एक म्हणजे ५६ लिटर. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की हाती ४५-५० लिटर. तीन बाय दीड बाय दीड म्हणजे जवळपास १९० लिटर. दुकानात हा आकडा तोंडपाठ असू द्या, म्हणजे 'बसेल की' या उत्तरावर तुम्ही गप्प राहणार नाही.

४. 'सकर' आणि 'अल्गी ईटर' या नावांखाली काय विकतात

सगळ्यात जास्त फसगत इथं होते, म्हणून या पायरीवर सावकाश थांबा.

काळा सकर, म्हणजे कॉमन प्लेको. दुकानात दोन-तीन इंचांचा असतो. पूर्ण वाढला की दीड फुटापर्यंत जातो आणि नीट सांभाळला तर दहा वर्षांहून जास्त जगतो. दोन, तीन, अगदी चार फुटी टँकही त्याचा नाही. लहानपणी शेवाळ खातो, मोठा झाला की खाली पडलेल्या दाण्यांवर त्याची भिस्त. गोल्डफिशसोबत एक सकर ही जोडी आपल्याकडे घरोघरी दिसते. ती टाळा. गोल्डफिश मंद आणि रुंद असतो. भुकेला सकर रात्री त्याच्या अंगावरचा चिकट थर चाटतो.

ब्रिसलनोज, म्हणजे अँसिस्ट्रस. हा त्याच कुळातला, पण चार-पाच इंचांवर थांबतो. प्रौढ नराच्या नाकाडावर फांद्यांसारखे मऊ तंतू असतात. अडचण अशी की लहानपणी तंतू नसतात, आणि काळ्या सकरची पिल्लं याच नावानं विकली जातात. ओळखायची खूण म्हणजे पाठीवरचा पंख. तो उभारला की आतले काटे मोजा. कॉमन प्लेकोच्या पंखात पुढचा जाड काटा सोडून दहा किंवा जास्त असतात, ब्रिसलनोजच्या पंखात साधारण सात. मोबाइलवर फोटो काढून मोठा करून मोजता येतात. दोन मिनिटं लागतात, आणि पुढच्या दहा वर्षांचा प्रश्न सुटतो.

चायनीज अल्गी ईटर, म्हणजे जायरिनोकायलस. सोनेरी रंगाचा दिसला की बहुधा हाच. नावात चीन असलं तरी तो थायलंड आणि मेकाँगच्या खोऱ्यातल्या नद्यांचा. त्याच्या कल्ल्यावर पाणी आत घ्यायला वेगळं छिद्र असतं, त्यामुळे तोंड दगडाला चिकटलेलं ठेवूनही तो श्वास घेऊ शकतो. वाहत्या नदीत हे फार उपयोगाचं. कम्युनिटी टँकमध्ये मात्र तो दहा इंचांपर्यंत वाढतो, वयासोबत भांडखोर होतो आणि एंजल, डिस्कस यांच्यासारख्या चपट्या, संथ माशांना चिकटतो. माझ्या एंजलचं हेच झालं. कम्युनिटी टँकसाठी मी हा मासा कुणालाच सुचवत नाही, तीन-चार फुटी टँक असला तरीही.

सियामीज अल्गी ईटर, म्हणजे क्रॉसोकायलस. काळं दाढी शेवाळ खाणारा हाच. याचे दोन तोतये आहेत : एक वरचा चायनीज, दुसरा फ्लाइंग फॉक्स. खऱ्याच्या अंगावरची काळी पट्टी नागमोडी कडेची असते आणि शेपटीच्या टोकापर्यंत जाते. पंख पारदर्शक असतात. फ्लाइंग फॉक्सच्या पट्टीच्या वर सोनेरी रेघ असते आणि पंखांवर काळा पट्टा. तो दिसायला देखणा, पण आपल्या जागेत दुसऱ्याला येऊ देत नाही. तिसरी खूण सोपी आहे : चायनीज काचेला तोंडानं लटकतो, सियामीज लटकत नाही. तो पानावर पुढच्या पंखांचा आधार घेऊन टेकतो.

५. आता मासा निवडा

दोन फुटी टँक असेल आणि तपकिरी किंवा मऊ हिरवा थर येत असेल तर ओटोसिंक्लस, थोडक्यात ओटो. दीड इंची, शांत, कुणाच्या वाटेला न जाणारा दक्षिण अमेरिकेचा मासा. एकटा ठेवला तर घाबरून कोपऱ्यात बसतो, म्हणून सहा घ्या. टेट्रा, रासबोरा, गप्पी, कोरीडोरस यांच्याशी त्याचं छान जमतं. एंजल किंवा मोठे बार्ब असतील तर नको.

तीन फुटी टँकमध्ये एक ब्रिसलनोज. एकच. दोन नर आले की गुहेवरून मारामारी ठरलेली. त्याला लाकूड हवं. तो ते खरवडत राहतो. लपायला नारळाची करवंटी किंवा मातीची छोटी कुंडी आडवी ठेवा.

काळं दाढी शेवाळ असेल आणि टँक चार फुटी असेल तरच सियामीज. तो सहा इंचांपर्यंत वाढतो, सतत पोहतो, आणि पाच-सहा एकत्र असले की खुलतो. आणखी एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत : वय वाढलं की त्याला शेवाळापेक्षा तयार दाणा जास्त आवडू लागतो. त्यामुळे फार ग्रासलेली पानं कात्रीनं कापून टाका आणि उरलेलं त्याच्यावर सोडा.

धाग्याच्या शेवाळासाठी घरात आधीच असलेल्या माशांकडे बघा. मॉली आणि प्लॅटी दिवसभर टिपत असतात. रोझी बार्ब तर आपल्याच उपखंडातला, अडीच-तीन इंची, गुलाबी-लाल, आणि थोडा भुकेला ठेवला की धागे चटचट खातो. मात्र कोवळी, मऊ पानंही तो सोडत नाही. जावा फर्न किंवा अनुबियाससारखी चिवट रोपं असतील तर काळजी नाही.

मासा नसलेले दोन कामकरी विसरू नका. अमानो कोळंबी धाग्याच्या शेवाळावर फार उपयोगी. रोपांचे टँक सजवणारे जपानी छायाचित्रकार ताकाशी अमानो यांनी १९८०च्या दशकात ती लोकप्रिय केली, म्हणून हे नाव. तिची पिल्लं खाऱ्या पाण्याशिवाय जगत नाहीत, त्यामुळे टँकमध्ये संख्या वाढत नाही. नेराइट गोगलगायीचंही तसंच; ती पांढरे, तिळासारखे अंड्यांचे ठिपके सगळीकडे चिकटवते, पण गोड्या पाण्यात त्यातून काही निघत नाही. एंजल कोळंबी खातो, आणि लोच जातीचे मासे गोगलगायी खातात, हे आधी बघा.

सह्याद्रीत फिरणाऱ्यांसाठी एक विनंती. ओढ्यातल्या दगडांना चिकटून शेवाळ खाणारा एक छोटा मासा तुम्ही पाहिला असेल. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची नोंद करताना त्याच्या शास्त्रीय नावात 'मुल्या' हा शब्द घातला; आज तो गारा मुल्या म्हणून ओळखला जातो. बाटलीत भरून घरी आणायचा मोह होतो, मलाही झाला होता. त्याला भरपूर प्राणवायूचं वाहतं पाणी लागतं. उन्हाळ्यातल्या आपल्या टँकमध्ये तो टिकत नाही. ओढ्यातच बघा.

६. पाणी आणि उन्हाळा

मुंबई-पुण्याचं नळाचं पाणी बरंच मऊ, म्हणजे कमी क्षारांचं; बोअरचं सहसा जड, म्हणजे जास्त क्षारांचं. ब्रिसलनोज आणि मॉली जड पाण्यात जमवून घेतात. ओटोला मऊ ते मध्यम हवं. उलट, मऊ पाण्यात नेराइटचं कवच झिजतं. तुमच्या घरी बोअर असेल तर ज्या दुकानाला तेच पाणी आहे तिथून मासे घेतले की निम्मी अडचण मिटते.

आपल्याकडे थंडीपेक्षा उन्हाळा घातक. वर सांगितलेले बहुतेक मासे २४ ते २८ अंशांत सुखी असतात. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये टँकचं पाणी ३२ च्या वर जातं, आणि पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी. झाकण जाळीचं करा, पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडा; त्यानं दोन-तीन अंश उतरतात. बर्फ टाकू नका, अचानक झालेला बदल मासे सोसत नाहीत. वीज जात असेल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप घेऊन ठेवा. हिलस्ट्रीम लोच दिसला तर कितीही सुंदर वाटला तरी सोडून द्या, त्याला थंड आणि जोरात वाहणारं पाणी लागतं.

७. दुकानात उभं राहून

मी कुर्ल्याच्या बाजारात जाते तेव्हाही आणि गल्लीतल्या दुकानातही पहिला प्रश्न हाच विचारते : "दादा, हे मासे कधी आले?" काल-आज आले असतील तर आठवड्यानं परत येते. प्रवासात उपाशी राहिलेले ओटो पहिल्या काही दिवसांतच सगळ्यात जास्त दगावतात, आणि ते बहुतेक नदीतून पकडलेले असतात.

मग पोट बघा. काचेला चिकटलेला मासा खालून दिसतो. पोट गोलसर हवं. आत ओढलेलं, खपाटीला गेलेलं असेल तर तो वाचणं कठीण. डोळे खोल गेलेले नकोत, पंख फाटलेले नकोत, अंगावर पांढरे दाणे नकोत. त्याच टाकीत एक जरी मेलेला मासा दिसला तरी त्या टाकीतलं काही घेऊ नका. शक्य असेल तर समोर खायला घालायला सांगा.

८. घरी आणल्यावर

पिशवी पंधरा मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा. मग दर पाच मिनिटांनी एक कप टँकचं पाणी पिशवीत घाला, साधारण पाऊण तास. शेवटी मासा जाळीनं उचला. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका.

दोन ते तीन आठवडे टबमध्ये ठेवा. टबमध्ये टँकमधला शेवाळ धरलेला एखादा दगड टाका, म्हणजे नव्या माशाला पहिल्या रात्री खायला मिळेल. औषधांबाबत सांभाळा : सकर आणि ओटोच्या कुळातले मासे मिठाला आणि औषधांना नाजूक असतात, म्हणून दुकानात सुचवतात तसं मूठभर खडे मीठ टाकू नका. तांबं असलेलं औषध कोळंबी आणि गोगलगायींना मारतं. बाटलीवर कॉपर शब्द दिसला तर ते औषध त्यांच्या टँकमध्ये कधीच नको.

९. खायला घाला

काच स्वच्छ झाली की मासा पोटभर आहे असं वाटतं. प्रत्यक्षात त्या दिवसापासून तो उपाशी असतो. आठवड्यातून तीन-चारदा काकडीची चकती, दुधीचा तुकडा किंवा पालकाचं पान द्या. दोन मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवा, गार करा, स्टीलच्या चमच्यात खोचून तळाशी सोडा. मीठ, तेल काही नाही. भाजी आधी धुवा, फवारणीचा अंश मारक ठरतो. सकाळपर्यंत उरलेलं काढून टाका, नाहीतर पाणी नासतं. शेवाळाच्या गोळ्या मिळतात, त्याही चालतात. दिवा बंद केल्यावर टाका, म्हणजे बाकीच्यांनी पळवण्याआधी ब्रिसलनोजला मिळतील.

ओटो काकडी ओळखायला आठवडा घेतात. धीर धरा आणि रोज त्याच जागी ठेवा.

१०. मासा टँकपेक्षा मोठा झाला तर

तलावात, नदीत, विहिरीत, विसर्जनाच्या हौदात, कुठंही सोडू नका. टँकमधून बाहेर गेलेला हा दक्षिण अमेरिकेचा सकर केरळ, पश्चिम बंगाल, आंध्र अशा राज्यांच्या पाण्यांत पसरला आहे. तो काठांत बिळं करतो, स्थानिक माशांचं अन्न खातो, काटेरी अंगानं मच्छीमारांची जाळी फाडतो, आणि त्याला बाजारात भाव नाही. कमी प्राणवायूच्या पाण्यातही तो वर येऊन हवा गिळून जगतो, त्यामुळे एकदा गेला की आवरत नाही.

विकत घेतलेल्या दुकानाला परत घेण्याबद्दल आधीच विचारून ठेवा. तुमच्या शहरातल्या मासे पाळणाऱ्यांमध्ये मोठा टँक कुणाकडे आहे ते बघा. आमचा सकर एका ओळखीच्या गृहस्थांच्या सहा फुटी टँकमध्ये गेला. पकडताना मी जाळी वापरली आणि त्याचे काटे तिच्यात असे अडकले की शेवटी जाळी कात्रीनं कापावी लागली. मोठा सकर हलवायचा असेल तर जाळी घेऊ नका. तोंड रुंद असलेला प्लास्टिकचा डबा पाण्यात आडवा धरा, हातानं हळूच त्याला आत वळवा आणि पाण्यासकट उचला.